खिडकीशी थांबणारा

बाइन्झू देरिऊ वारला तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्राने त्याचा मित्र आंतीने सोलिनास याच्याकडे बाइन्झूविषयी पानभर मजकूर मागितला. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं, असं पत्रात लिहिलं होतं. आंतीने टेबलाशी बसला आणि सात ओळींवर अडला. बाइन्झूच्या स्वयंपाकघरात दिवा कुठे टांगलेला असतो, हेही त्याला नक्की सांगता येईना. पस्तीस वर्षं तो त्या घराच्या खिडकीशी उभा राहून बोलला होता. आत मात्र दोनदाच गेला, तेही बारशाला.

आंतीने गावच्या कचेरीत जन्ममृत्यूची नोंद ठेवणारा कारकून. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. घरी तो गुपचूप कविता करायचा आणि कपाटात ठेवून द्यायचा. बाइन्झू याच्या अगदी उलट. उन्हाळाभर रानात बुचाच्या झाडांची साल काढायची, आणि सणासुदीला सार्डिनिया बेटाच्या डोंगरातल्या गावोगावी जाऊन मंचावर कविता गायच्या. त्याही तिथल्या तिथे रचून. दोन कवी समोरासमोर बसत. टोपीतून चिठ्ठी निघे. एकाच्या वाट्याला विषयाची एक बाजू येई, दुसऱ्याच्या वाट्याला दुसरी, आणि आठ-आठ ओळींच्या कडव्यांनी भांडण चाले. पहिल्या सहा ओळींत वाद मांडायचा आणि शेवटच्या दोन ओळींत समोरच्याला लोळवायचं.

गायलेलं कडवं पुन्हा म्हणायचं नाही आणि कवीला त्याबद्दल विचारायचंही नाही, अशी रीत होती. बाइन्झू सांगायचा, "खाली उतरलो की विसरतो मी. विचारूच नका." त्यामुळे आंतीने पहिल्या रांगेत वही-पेन्सिल घेऊन बसे आणि झरझर उतरवून घेई. त्यातूनच ही मैत्री जुळली. कचेरी सुटली की घरी जाताना तो बाइन्झूच्या खिडकीशी दहा मिनिटं थांबायचा. आत बाइन्झू आणि त्याची बायको जुआन्ना, बाहेर आंतीने.

"भावजी, दार उघडंच आहे," जुआन्ना म्हणायची.

"नको वहिनी, लगेच निघायचंय," असं म्हणून तो पुढे अर्धा तास उभा.

एका वर्षी गावच्या जत्रेत दार आणि खिडकी असा विषय निघाला. बाइन्झूच्या वाट्याला खिडकी आली. तिसरं कडवं रंगात आलं, सहा ओळी झाल्या आणि शोभेचं दारूकाम करणाऱ्याच्या हातून चुकून सगळे बाण एकदम सुटले. मंचावर बाइन्झूचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्याने शेवटी हात असा काही फिरवला की दारवाला हरलाच असणार.

आंतीनेच्या वहीत दोन ओळी कोऱ्या राहिल्या. विचारायची रीत नव्हती. आठ दिवस ती कोरी जागा त्याला डोळ्यांत खुपत राहिली. नवव्या दिवशी त्याने पेन्सिलीने, अगदी फिकट, स्वतःच्या दोन ओळी तिथे लिहिल्या:

काम घेऊन येतो जो, तो दारात उभा राही;
खिडकीशी थांबतो त्याला हवं काहीच नाही.

या ओळी आपल्या आहेत अशी खाली खूण करायची होती, ती राहून गेली. पुढच्याच आठवड्यात न्हाव्याने वही वाचायला मागून नेली आणि दुकानात मोठ्याने वाचली. हिवाळा येईपर्यंत त्या दोन ओळी गावभर झाल्या. लग्नात म्हटल्या जाऊ लागल्या, भांडण मिटवताना म्हटल्या जाऊ लागल्या. लोक बाइन्झूची पाठ थोपटत. तो मिशीला हात लावून म्हणे, "सुचलं झालं त्या वेळी." आंतीने ते ऐके आणि बुटांकडे बघे.

अशी चोवीस वर्षं गेली. बाइन्झू सत्तरीचा झाला, तेव्हा गावाने ठरवलं की ते कडवं त्याच्याच घराच्या भिंतीवर, खिडकीखाली रंगवायचं. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मिंतोनियाने चुना लावून भिंत तयार केली, सोमवारी रंग लावायचं ठरलं. आता मात्र आंतीनेला घास जाईना. वहीतलं खोटं निदान मिटलेल्या वहीत होतं. सांगितलं तर बाइन्झूची सगळ्यात नावाजलेली ओळ जाते, आणि बहुधा खिडकीजवळची ती दहा मिनिटंही जातात. न सांगितलं तर रोज त्याच भिंतीशी उभं राहायचं.

शनिवारी तो खिडकीशी गेला. बाइन्झू आत कुऱ्हाडीला दांडा बसवत होता.

"बाइन्झू, ते कडवं आहे ना..."

"त्याचं काय?"

"चुना चांगला लागलाय."

"हे सांगायला टोपी काढलीस होय?"

आंतीनेने टोपी परत घातली. मग पुन्हा काढली. "त्यातल्या शेवटच्या दोन ओळी तुझ्या नाहीत. माझ्या आहेत. जागा कोरी होती म्हणून मी... मी घातल्या."

बाइन्झूने दांडा बाजूला ठेवला. "जुआन्ना," त्याने मागे वळून हाक मारली, "ऐकलंस का? बोलला एकदाचा. चोवीस वर्षं लागली."

"तुला माहीत होतं?"

"माझ्या ओळी मला माहीत नसणार?"

"तू तर म्हणायचास, सगळं विसरतो."

"चांगलं असतं ते विसरतो. या दोन मात्र जन्मात विसरलो नाही. ऐक." बाइन्झूने घसा साफ केला आणि मंचावरच्यासारखा हात फिरवून म्हणाला:

"खिडकीतून शेळीनं आत घातली मान,
परातीतल्या कोबीचं खाल्लं एक पान."

आतून जुआन्नाच्या हसण्याचा आवाज आला. आंतीनेला हसावं की नाही कळेना.

"काही सुचलंच नाही रे त्या दिवशी," बाइन्झू म्हणाला. "बाण सुटले तेव्हा मी मनात आमच्या संताचे पाय धरले. आणि मग न्हाव्याकडे ऐकतो तर काय, माझ्या शेळीचं सोनं झालेलं. कुणी केलं ते विचारायची गरजच नव्हती. खिडकीशी फुकट उभा राहणारा गावात माणूस एकच."

"मग बोलला का नाहीस?"

"खोटी शाबासकी कुणाला नको असते? पहिली दोन वर्षं मजेत गेली. मग म्हटलं, हा सांगेल. तू काही सांगेनास. मलाही मग लाज वाटायला लागली."

"आता भिंतीवर नको ते."

"भिंतीवर येणार. सहा ओळी, खाली माझं नाव. दोन ओळी, खाली तुझं."

"माझं नाव नको. हात जोडतो."

"मग शेळी लिहायला सांगतो मिंतोनियाला. बघ बाबा, तुझ्यावर आहे."

आंतीने रविवारभर घरात येरझारा घालत राहिला. सोमवारी दुपारी मिंतोनियाने दोन्ही नावं रंगवली; त्याचं जरा बारीक अक्षरात, एवढी सूट बाइन्झूने दिली होती. पुढचे पंधरा दिवस आंतीने दुसऱ्या गल्लीने घरी गेला. सोळाव्या दिवशी न्हाव्याने त्याला अडवलं. "कविराज, वाट चुकलात का? खिडकी तिकडे आहे." आंतीनेचे कान लाल झाले, तरी तो वळला आणि त्या गल्लीत शिरला. खिडकीत बाइन्झू होता. मेंढरांना ताप आलाय म्हणाला.

पुढे सात वर्षं तशीच गेली. शेवटच्या वेळी दोघं बोलले तो मार्चमधला गुरुवार होता, वारा सुटला होता. बाइन्झू खिडकीशी बसून वालाच्या शेंगा सोलत होता. दोघं बराच वेळ नव्या पाद्र्याच्या मोटारीबद्दल बोलले. मग आंतीने निघाला.

"चार शेंगा घेऊन जा," बाइन्झू म्हणाला.

"पिशवी नाही आणली."

"टोपीत घे."

"या वाऱ्यात?"

"मग उद्या पिशवी घेऊन ये."

"येतो," आंतीने म्हणाला.