झोमोचं वासरू

आमची आने नोर्झोम, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, अकराव्या वर्षी भिक्षुणी झाली. मठात तिची खोली आहे, खोलीला कुलूप आहे आणि कुलपाला गंज आहे. डोकं भादरलं म्हणून धार काढायला घरात दुसरं कोण येणार होतं? चाळीस वर्षं झाली, उन्हाळाभर ती वरच्या कुरणात दगडी खोपटात राहते. सोबत आमच्या सहा झोमो.

पदुमच्या शाळेत सरांनी शिकवलं, की दोन वेगळ्या जातींच्या प्राण्यांना सहसा पिल्लं होत नाहीत, झालीच तर ती वांझ निघतात. मी हात वर केला. "सर, याक आणि गाय मिळून आमच्याकडे झो होतो. तो वांझ, बरोबर. पण त्याची बहीण झोमो विते की!"

"अपवाद," सर म्हणाले. "खाली बस."

त्या अपवादाचं पुढे काय करायचं, हे काम आमच्या आनेकडे होतं.

नांगराला झो, दुधाला झोमो, दोन्ही सोनं. झोमोचं वासरू मात्र कशातच नाही. अंगात याकची ताकद नाही, पुढे दूध नाही, थंडी पडली की सगळ्यांत आधी तेच बसतं. त्याच्यावर दूध कोण घालवणार? पण आम्ही बौद्ध, मारायचं नाही. नुसतं पाजायचं नाही. आईला पान्हा फुटेपर्यंत तोंड लावू द्यायचं, मग ओढून लांब बांधायचं. आठ-नऊ दिवसांत ते आपल्या कर्माने जातं. कातड्यात गवत भरून आईपुढे ठेवलं की ती चाटत राहते, धार चालू राहते.

मी दहावीत होतो त्या वर्षी एक वासरू गेलं नाही. वडील, आमचे आबा, मीठ-पीठ घेऊन वर निघाले, मीही सोबत होतो. खोपटामागून अडीच महिन्यांचं तांबडं वासरू उड्या मारत पुढ्यात आलं.

"हे काय?" आबांनी विचारलं.

"वासरू."

"ते दिसतंय. जिवंत कसं?"

"माझ्या वाटणीचं दूध घालते, आचो," आने थोरल्या भावाला म्हणाली. "लोण्याला हात लावलेला नाही."

"आणि हिवाळ्यात? गवत काय तुझ्या मठातून येणार?"

"मी कमी जेवेन."

"तू गवत खात असतीस तर सोपं होतं."

आने हसली नाही. "त्याला मारायचं नाही ना, आचो?"

"मारतंय कोण?" आबा खरोखर दुखावले. "आपल्या घरात कधी कुणी मारलंय?"

सातूची मळणी झाल्यावर खालून एक व्यापारी ट्रक घेऊन आला. जनावरं कुठे जाणार ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. वासरू फळीवर पाय ठेवेना. ते फक्त आनेच्या मागे चालायचं, तेव्हा आनेलाच बोलावलं. ती वर चढली, मागोमाग वासरू चढलं, ती उतरली.

"तुमच्या हाताला गुण आहे हो," व्यापारी म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीत मी वर होतो, तेव्हा झोमो व्याली. वासरू पायांवर उभं राहायच्या आत आनेने ते उचललं आणि मोठ्या दगडाआड नेलं. आईला चाटूसुद्धा दिलं नाही.

"आने, चीक तरी पाजायचा थोडा!"

"थोडाच वाईट, नोनो. चव कळली की नऊ दिवस लागतात. नाही कळली तर दोन."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कातड्यात गवत भरलं. झोमोने पान्हा सोडला. आबा म्हणाले, "आता कुठे शहाणी झाली."

हल्ली शेजारच्या खोपटांतली झोमो व्याली की तिथल्या बायका आनेलाच हाक मारतात. भिक्षुणीच्या हाताने झालं की पाप लागत नाही, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलंय. आने जाते. दोन दिवस वासराशेजारी माळ घेऊन बसते, आणि दया येऊन वाटीभर दूध घेऊन तिकडे कुणी फिरकलंच, तर दगड उचलते.