लोअर हटचा अंतर्गत प्रश्न

दर हिवाळ्यात मी वेलिंग्टनच्या एका विद्यापीठात युरोपीय संघाच्या घटनात्मक कायद्यावर सहा व्याख्यानं देतो. एरवी मी सरकारी खात्यातला सल्लागार, दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या चुका काढणं हा माझा धंदा. ही सहा व्याख्यानं मात्र आवडीची. युरोपातल्या देशांनी एकमेकांशी करार केले ते मुळात व्यापारासाठी. त्यांची राज्यघटना कुणी सभा भरवून लिहिली नाही. एखादी वाहतूक कंपनी, एखादा साधा माणूस तक्रार घेऊन आला, आणि न्यायाधीशांनी ठरवलं की करार देशादेशांत असला तरी त्यातला हक्क माणसाला थेट मागता येतो. करारात तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. हे सांगताना माझा आवाज चढतो. पाचवं व्याख्यान, सीमा न ओलांडणाऱ्यांच्या हक्कांचं, मात्र गेली काही वर्षं मी घाईने उरकतो. त्याचं कारण युरोपात नाही, मी राहतो त्या वेलिंग्टनशेजारच्या लोअर हटमध्ये आहे.

इथे न्यूझीलंडमध्ये शहरागणिक मराठी मंडळ आहे आणि प्रत्येकाचा तोरा वेगळा. हॅमिल्टनहून नोकरीसाठी इकडे आलेल्या एका जोडप्याला आमच्या मंडळाने नवशिके ठरवून दोन वर्षं कमिटीच्या जवळपास फिरकू दिलं नव्हतं. त्यावरून बरीच धुसफूस झाली आणि शेवटी सगळ्या मंडळांचा मिळून एक संघ काढायचं ठरलं. करार मी लिहिला. चौथं कलम तर जवळजवळ युरोपातूनच उचललं: एका मंडळाच्या भागातून दुसऱ्या मंडळाच्या भागात येणाऱ्या मराठी माणसाला तिथे समान वागणूक मिळेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तंटे सोडवायला तिघांची समिती नेमली आणि कायद्यातलं कळतं म्हणून मला अध्यक्ष केलं. मी किती फुगलो होतो, ते आज आठवलं तरी लाज वाटते.

लोअर हटमध्ये दर रविवारी मराठी शाळा भरायची. ती एक ताई घ्यायच्या. आठवड्यातले पाच दिवस हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी, आणि रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये अकरा मुलं. सहा वर्षं एक रविवार चुकवला नव्हता. माझी मुलगी घरी सगळी उत्तरं इंग्रजीत द्यायची. ताईंकडे जाऊन ती निदान ‘बाबा, मला हीप्स गृहपाठ आहे’ म्हणायला शिकली; ‘हीप्स’ म्हणजे ढीगभर, तेवढं इथलं इंग्रजी राहिलंच.

मग ताई आणि त्यांचे यजमान वेगळे झाले. मंडळाचा सभासदत्वाचा फॉर्म कुणीतरी आपल्या पुण्याच्या सोसायटीच्या फॉर्मवरून उतरवलेला. त्यात ‘कुटुंबप्रमुख’ असा रकाना होता, आणि इतकी वर्षं तिथे यजमानांचं नाव. मंडळाने ताईंना कळवलं की सभासदत्व कुटुंबाचं, म्हणजे प्रमुखांचं. तुम्ही नव्याने अर्ज करा, कमिटी विचार करेल. तोवर बिगर-सभासदांना शाळा घेता येणार नाही. कमिटीत निम्मे जण यजमानांचे बॅडमिंटनवाले. विचार किती काळ चालणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ताईंनी संघाकडे अर्ज केला. दोन पानं, स्वच्छ अक्षरात. शेवटची ओळ होती: ‘मला माझा वर्ग परत हवा आहे, एवढंच.’

मी त्यांच्या बाजूने निकाल लिहिला. एका बैठकीत, दीड पान. त्यात एक वाक्य होतं: ‘जो हक्क मिळवायला माणसाला आधी गाव सोडावं लागतं, तो हक्क नव्हे.’ माझ्या हातून इतकं चांगलं वाक्य क्वचितच उतरलं असेल.

निकाल समितीत जायच्या आधीच मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. वाऱ्यावरून बातमी लागली असावी. ‘‘हे बघ, नवरा-बायकोचं भांडण आहे हे. तुमच्या संघाने आमच्या घरात नाक खुपसलं, तर हट मंडळ बाहेर पडेल. मग बस एकटाच करार वाचत.’’

मी घाबरलो. दुसरा शब्द नाही. संघ मोडला तर माझ्या कराराचं काय, हा पहिला विचार. ताईंच्या वर्गाचा विचार दुसरा, आणि तोही लांबून. सापही मरावा आणि काठीही मोडू नये अशी वाट शोधताना मला युरोपच आठवला. तिथेही कित्येक हक्क सीमा ओलांडणाऱ्यालाच मिळतात. जो आपल्याच देशात राहून आपल्याच सरकारविरुद्ध तक्रार करतो, त्याला पुष्कळदा सांगतात, हा अंतर्गत प्रश्न आहे. मी नवं दीड पान लिहिलं. अर्जदार लोअर हटच्या, मंडळ लोअर हटचं, सबब चौथं कलम लागू नाही. समितीतल्या हॅमिल्टनच्या इंजिनिअरने फोनवरच होकार दिला. ‘‘स्वीट ॲज, भाऊ. कायद्याचं तुलाच कळतं.’’ तिसऱ्याने तेवढंही न म्हणता सही केली.

निकाल द्यायला मी स्वतः ताईंच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

‘‘म्हणजे मी हॅमिल्टनला राहत असते आणि तिथून इथे आले असते, तर यांना मला नाही म्हणता आलं नसतं?’’

‘‘नसतं.’’

‘‘आणि वेलिंग्टनहून आले असते तर?’’

‘‘तरीही नसतं.’’

‘‘वीस मिनिटं ट्रेन आहे रे,’’ ताई म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. तो चहा मी प्यायलो.

शाळेला दुसऱ्या बाई मिळाल्या, पण मुलं एकेक करून गळाली आणि वर्षअखेर हॉलला कुलूप लागलं. हट मंडळ संघात राहिलं. पुढे हॅमिल्टनमध्ये एका मुलीला नाटकातून वगळलं, तेव्हा तिथल्या मंडळाने माझाच निकाल पुढे केला: अंतर्गत प्रश्न. नंतर आणखी एका मंडळाने. आता तो नियमच झाला आहे. राज्यघटना अशीही वाढते, हे मी पाचव्या व्याख्यानात सांगत नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

यंदा व्याख्यानाच्या दिवशी सकाळी स्टेशनवर ताई भेटल्या. केस पांढरे झालेत. माझ्या मुलीची चौकशी केली, ती आता घरी मराठी अजिबात बोलत नाही हे ऐकून नुसती मान हलवली. मग म्हणाल्या, ‘‘तुझा तो निकाल मी पुष्कळ वेळा वाचला. कुठे चूक सापडते का बघत होते. नाही सापडली.’’

मी गाड्यांच्या वेळांचा फलक बघू लागलो.

‘‘एक विचारू? पहिल्यापासून तुझं हेच मत होतं?’’

पहिलं दीड पान अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. मी ते पुसलेलं नाही आणि कुणाला दाखवलेलंही नाही.

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘बरं झालं,’’ ताई म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांचा चेहरा सैल झाला. ‘‘मला वाटायचं, कुणीतरी दमदाटी केली असेल आणि तू गप्प बसला असशील. तसं असतं तर फार वाईट वाटलं असतं.’’

गाडी आली. ताई चढल्या, खिडकीशी बसल्या, शेजारच्या सीटवर पर्स ठेवून जागा धरली आणि मला हात करून बोलावू लागल्या. मी मोबाईल कानाला लावला, कुणाचा तरी फोन आल्यासारखं केलं, आणि दारं बंद होईपर्यंत फलाटावरच उभा राहिलो.