आम्ही ‘ड्रॉप इन’ केलं त्याची गोष्ट

माझ्या मुलीचं लग्न माझ्या इंग्रजीमुळे मोडता मोडता राहिलं.

केतकीनं जयपुरातलाच मुलगा पसंत केला होता. आमची अजून भेट नव्हती. मुलाचे वडील, गुप्ताजी, फोनवर म्हणाले, "हम वैशाली नगर में ही हैं, कभी भी ड्रॉप इन कीजिए." झालं! जन्मभर विमा कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिलेल्या मी घरात वर्गच घेतला.

"ड्रॉप इन म्हणजे न कळवता, सहज, घरच्यासारखं टपकणं. नटूनथटून गेलं की ती व्हिजिट."

"अहो, आपण मुलीकडचे," सुनंदा म्हणाली. "मिठाई तरी नेऊ."

"मिठाई नेली की ड्रॉप इन बाद."

"बाबा, मतलब... लोक असं नुसतं बोलतात," केतकी म्हणाली. (कालची पोर मला इंग्रजी शिकवणार!)

रविवारी सकाळी मानसरोवरहून आम्ही दोघं स्कूटरवर निघालो. सहजपणा दिसावा म्हणून मी घरचाच लेंगा आणि कोपरावर विरलेला स्वेटर घातला होता. सुनंदा मांडीवर पिशवी धरून वाटभर गप्प होती. (तिचं गप्प बसणं मला फार मोठ्यानं ऐकू येतं.)

दार गुप्ताजींनीच उघडलं. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, केसांना मेंदीचा जाड थर. त्यांनी माझ्या लेंग्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आ गए भैया? नल पीछे की तरफ है."

आणि मी गोंधळून चक्क मागे जाऊन गळका नळ पाहू लागलो.

"जी, हम केतकी के मम्मी-पापा," मागून सुनंदाचा आवाज आला.

गुप्ताजींनी कपाळावर हात मारला. हाताला मेंदी लागली, त्याच हातांनी त्यांनी नमस्कार केला. मिसेस गुप्ता स्वयंपाकघराच्या दारातच थिजल्या. मला केतकीचा चेहरा आठवला.

सुनंदानं शांतपणे पिशवीतून डबा काढला. बेसनाचे लाडू. माझा वर्ग चालू असतानाच तिनं ते वळले होते.

गुप्ताजींनी मेंदीचा हात टॉवेलला पुसून एक लाडू तोंडात टाकला आणि खदखदून हसले. "भाईसाहब, असली ड्रॉप इन तो आपने किया. हम तो बस बोलते हैं."

लग्न ठरलं. केतकी खूश आहे, सुनंदा वरचढ आहे. मला आता इंग्रजीतलं कुणी काही विचारत नाही. व्याह्यांकडे नळ गळायला लागला, की मात्र पहिला फोन मलाच येतो.