पॅरिसचं एक राहिलंय

डॉक्टर मावशींनी युरोपातली जेवढी शहरं पाहिली आहेत तेवढी खुद्द युरोपातल्या माणसांनीही पाहिली नसतील, आणि त्यातलं एकही शहर त्यांनी पूर्ण पाहिलेलं नाही. लंडनला त्यांनी राजवाडा सोडला. रोमला कलोसियम सोडलं. अ‍ॅमस्टरडॅमला दिवसभर कालव्यांच्या काठाने चालल्या, पण बोटीत पाय ठेवला नाही. अथेन्सला भर उन्हात टेकडी चढून तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचल्या, खिडकीतल्या मुलीला "येते हं" म्हणाल्या आणि उतरायला लागल्या. अमेरिकेतल्या आमच्या एडिसनमध्ये कुणी प्रवास करून आलं की त्याने फोटो दाखवायचे आणि बाकीच्यांनी हे पाहिलंत का, तिथे गेलात का, अशी उलटतपासणी घ्यायची, असा रिवाज आहे. मावशींच्या बाबतीत तपासणाऱ्याचीच पंचाईत होते. "कलोसियम नाही पाहिलं? अहो, दारातून परत आलात?" "मग! दार पाहिलं की." आणि समोरचा गोंधळलेला असतानाच त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "ताटात काही टाकू नये आणि गावात काही ठेवल्याशिवाय निघू नये."

मावशी आमच्या घरामागच्या रस्त्यावर राहायच्या. भूलतज्ज्ञ. चाळीस वर्षं त्यांनी इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल दिली, स्वतः मात्र कशालाच भुलल्या नाहीत. सेलला नाही, साड्यांच्या प्रदर्शनाला नाही, गोड बोलणाऱ्या माणसांना तर मुळीच नाही. आम्ही सोळा वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दारात स्नो बूट घातलेल्या एक ठेंगण्या बाई उभ्या. "तुमचा मुलगा काल अंगणात खेळत होता. तोंडाने श्वास घेतो. नाक दाखवून घ्या," एवढं सांगून त्या निघाल्या, आणि पायरी उतरताना वळून म्हणाल्या, "हो, वेलकम." मला ही बाई तिथेच आवडली. मी एका दातांच्या दवाखान्याचं फ्रंट ऑफिस सांभाळते, दिवसभर लोकांचं पाल्हाळ ऐकते, त्यामुळे मुद्द्याचं बोलणाऱ्यांची मला किंमत आहे. मावशींनी माझं नोकरीतलं काम विचारून घेतलं आणि तेव्हापासून मला मॅनेजर म्हणायला सुरुवात केली. आणि हो, मुलाच्या नाकात खरंच मांस वाढलेलं निघालं.

दरवर्षी पुण्याला जाताना मावशी वाटेत एका शहरात एक दिवस थांबायच्या. सकाळी उतरायचं, संध्याकाळी पुढचं विमान. हॉटेल नाही, टूर नाही. कुणी म्हणालं, अहो, निदान दोन दिवस तरी ठेवा, तर त्या जुनी म्हण तोंडावर फेकायच्या, "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई." ही म्हण त्या स्वतःच्या पाहुण्यांनाही ऐकवायच्या, तीही दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला. सामान म्हणजे पाठीवरची एक सॅक. त्यात दशम्या, लसणाची चटणी, पायमोज्यांचा जादा जोड, आणि बाहेर लटकवलेली एक पिवळीधमक छत्री. ही छत्री त्यांनी पावसात कधी उघडली नाही. पाऊस आला की त्या जाकिटाची टोपी ओढायच्या. "छत्री भिजू नये म्हणून नसते, मॅनेजर. सापडावं म्हणून असते." गर्दीत चुकामूक झाली की आपण जिथे आहोत तिथेच उभं राहायचं आणि छत्री उघडायची, हा त्यांचा नियम. शोधायला निघालेली दोन माणसं एकमेकांना कधी सापडत नाहीत, एकाने स्थिर राहावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी हे मॉलमध्ये नवऱ्यावर करून पाहिलं आहे. खरं आहे.

विमानात दिवे मंद झाले की लोक सिनेमे बघतात, मावशी झोपलेली माणसं बघतात. व्यवसायाची सवय. एकदा त्यांनी पलीकडच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाचे श्वास घड्याळ लावून मोजले, तो अधूनमधून श्वास घ्यायचाच विसरतो असं निदान केलं, आणि त्याला हलवून उठवलं. तो भडकला. मावशींनी शांतपणे कागदावर डॉक्टरला काय सांगायचं ते लिहून त्याच्या हातात दिलं. "मग?" मी विचारलं. "मग काय, त्याने चिडून खिशात कोंबला. फेकला नाही ना? झालं माझं काम."

परक्या शहरात मावशी मराठी बोलतात. अगदी शुद्ध, खणखणीत मराठी. इंग्रजी त्या अमेरिकनांसारखं बोलतात, पण त्यांचं म्हणणं असं की इंग्रजी त्या लोकांना नको असतं आणि त्यांची भाषा आपल्याला येत नसते, मग दोघांनाही समान अडचण होईल अशी भाषा घ्यावी, म्हणजे भांडण उरत नाही. मी हे ऐकून हसले होते. पॅरिसच्या बेकरीत त्यांनी काचेवर बोट ठेवून "तो जरा जास्त भाजलेला द्या, कडेचा, हां, तोच" असं सांगितलं आणि काउंटरमागच्या आजीबाईंनी फ्रेंचमध्ये काहीतरी ठसक्यात सुनावत नेमका तोच पाव उचलून दिला, तेव्हा हसू बंद झालं. दोघी चांगल्या पाच मिनिटं बोलल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणत होत्या? "गुडघे," मावशी म्हणाल्या.

पॅरिसला मी त्यांच्याबरोबर कशी पोचले ते सांगायला हवं. दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात मावशी पत्रपेटीपर्यंत गेल्या आणि बर्फावरून घसरल्या. वीस मिनिटं पडून होत्या. मी धावत गेले तर मला म्हणतात, "सावकाश ये, तूही पडशील. पल्स बहात्तर आहे, घाईचं काही नाही." खुब्याला तडा गेला होता. खाली दक्षिणेत, अल्फारेटाला त्यांची मुलगी असते. ती आईला तिकडे येऊन राहायचा आग्रह तीन वर्षं करत होती आणि मावशींचं उत्तर ठरलेलं होतं, "पॅरिसचं एक राहिलंय. ते झालं की येते." पॅरिस हे त्यांनी युरोपात पाहिलेलं पहिलं शहर, आणि तिथे राहिलेली गोष्ट म्हणजे आयफेल टॉवर. खुबा बरा झाल्यावर मुलीने वाद घालणं बंद केलं आणि सरळ टॉवरचं तिकीट काढलं. दोन तिकिटं, दुपारी तीनची वेळ, लिफ्टने. मला फोन केला. "यू आर गोइंग टू पुणे एनीवे, राइट? प्लीज गो विथ हर. अँड प्लीज, मेक शुअर शी गोज अप. शी प्रॉमिस्ड. टॉवर, देन अल्फारेटा." मला आईकडे जायचंच होतं. शिवाय हे मला पटलेलं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तडा गेलेला खुबा घेऊन, एकटीने त्या घरात राहू नये, हे कुणालाही पटेल. मी हो म्हटलं. म्हणजे त्या दिवशी मी नुसती सोबतीला नव्हते, कामगिरीवर होते, आणि मावशींना ते पक्कं ठाऊक होतं.

सकाळी आठला उतरलो. माझं सामान परस्पर मुंबईला. गाडीने शहरात आलो आणि मावशी काठी टेकत अशा चालायला लागल्या की मला मागे पडायची भीती. मोठं चर्च पाहिलं. म्युझियममध्ये त्यांनी एकच चित्र निवडलं, एका म्हाताऱ्या बाईचं, आणि त्यासमोर अर्धा तास बसल्या. बाकीची दालनं रेल्वे स्टेशन ओलांडावं तशी ओलांडली. "शंभर चित्रं पाहिली तर संध्याकाळी एकही आठवत नाही. ही बाई मला मरेपर्यंत आठवेल. तिला थायरॉइड होता." दुपारी नदीकाठी बाकावर बसून आम्ही दशम्या आणि तो कडेचा पाव चटणीशी खाल्ला. आणि तिथे, मी काही विचारलं नसताना, मावशींनी सांगितलं.

पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन अमेरिकेला निघाल्या तेव्हा वाटेत पॅरिसला एक दिवस मिळाला. काका सिव्हिल इंजिनीअर. मी त्यांना पाहिलं आहे. फार कमी बोलायचे, आणि कुठल्याही पुलाखालून गाडी नेताना वेग कमी करून वर बघायचे. "कॉलेजपासून यांना तो टॉवर बघायचा होता. ते लोखंडाचं काम, ते रिवेटचे जोड. त्यासाठीच मुक्काम घेतला होता. आणि माझ्या पायाला नवे बूट चावले. चार वाजता एक पाऊल टाकवेना. टॉवर त्या वळणापलीकडे दिसत होता. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी बसते. तर हे म्हणाले, राहू दे. एक राहिलेलं बरं, त्या निमित्ताने परत येऊ." त्यांनी चटणीची डबी घट्ट लावली. "मग दरवर्षी, पॅरिस कुठे पळून जातंय. ते राहून गेलं ते गेलंच." काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "मावशी, अडीच वाजले."

तीनला दहा मिनिटं कमी असताना आम्ही तपासणीतून आत, टॉवरच्या बरोबर खाली होतो. मावशींनी मान मागे टाकून वर बघितलं. बराच वेळ. मग जवळच्या एका पायाकडे गेल्या, कठड्याच्या कडेने जमेल तेवढं चालल्या, आणि एकेक जोड निरखत राहिल्या, पेशंटच्या पाठीचे मणके मोजावेत तशा. मी लिफ्टच्या रांगेकडे वळले.

"तू जाऊन ये," मावशी म्हणाल्या. "मी इथे आहे."

"मावशी, तिकीट दोघींचं आहे."

"माहीत आहे."

"मुलीला काय सांगू मी?"

"सांग, राहिलं."

मी सरळ बोलणारी बाई आहे. सरळच बोलले. "मावशी, तुम्ही परत येणार नाही आहात. मलाही माहीत आहे, तुम्हालाही. मग राहिलं म्हणण्यात काय अर्थ आहे?"

त्या रागावल्या नाहीत. "मॅनेजर, तुमच्या दवाखान्यातून पेशंट निघाला की तू काय करतेस?"

"सहा महिन्यांनंतरची अपॉइंटमेंट देते."

"नव्वद वर्षांच्या माणसाला?"

"सगळ्यांना."

"येतात सगळे?"

"नाही."

"तरी देतेस ना?"

"द्यावी लागते. नाही दिली तर यायचेच नाहीत."

"झालं तर मग," मावशी म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

तिकीट वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. मी वर गेले. सगळं पॅरिस पसरलेलं होतं, नदी, पूल, ते चर्च. लोक नावं घेत बोटं दाखवत होते. मी खाली बघितलं. मुंग्यांएवढ्या माणसांमध्ये, निरभ्र आकाशाखाली, एक पिवळा ठिपका उघडलेला होता. मी वर असेपर्यंत तो जागचा हलला नाही.

खाली आले तर म्हणाल्या, "दिसले का मी?" मी म्हटलं, "दिसलात." मग निघताना त्या थांबल्या, टॉवरच्या त्या पायाकडे वळल्या आणि शेजारच्या घरातून निघावं तसं म्हणाल्या, "येते हं."

विमानतळावरून मी अल्फारेटाला फोन लावला. "डिड शी गो अप?" मी म्हटलं, "नाही. राहिलं." पलीकडून "ऑफ कोर्स," आणि एक थकलेलं हसू. माझी कामगिरी फसली होती आणि मला मान्य करायला हवं, त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

पण पुण्याहून परतल्यावर आठवड्याभरात मावशींनी स्वतःहून मुलीला फोन केला आणि घर विकायला काढलं. मला वाटलं होतं त्या आता आणखी तीन वर्षं हटून बसतील. माझा हिशेब चुकला. सगळं बघून झालं, आता उरलं काय, म्हणून त्यांना लेकीकडे जायचं नव्हतं. मागे काहीतरी राहिलेलं असताना, नेहमीसारखं निघायचं होतं.

आवराआवरीला मी दोन शनिवार गेले. मावशींनी सामान भूल देण्याच्या शिस्तीने बांधलं, प्रत्येक खोक्यावर आत काय आणि किती वेळात बाहेर यायला हवं ते लिहून. निघायच्या सकाळी मुलगी गाडी घेऊन आमच्या दारात थांबली. मावशी आत आल्या, चहा घेतला, माझ्या मुलाला, आता तो सहा फूट आहे, "नाकाने" एवढंच म्हणाल्या, दारात बूट घातले. "येते हं, मॅनेजर." गेल्या.

संध्याकाळी केर काढताना दाराच्या कोपऱ्यात पिवळी छत्री दिसली.

आमच्याकडे कुणाची वस्तू राहिली तर मी ती आठवड्याच्या आत पाठवते. डबे, चष्मे, एकदा तर एकाची कवळी. पोस्ट ऑफिस इथून गाडीने चार मिनिटांवर आहे. छत्रीला आता आठ महिने होतील. परवा मावशींच्या मुलीचा फोन आला होता, म्हणाली, "मॉमची अंब्रेला तुमच्याकडे राहिली का? शुड आय सेंड यू अ पोस्टेज लेबल?"

मी म्हटलं, "नको. राहू दे."