सावलीतलं वाळवण

आमच्या थोरल्या मामंजीसारखा वाळवणारा माणूस सेनगावपासून औंढ्यापस्तोर दुसरा न्हाई, आन असला तं तो आता जेलात असंल. थोरले मामंजी म्हंजे माझ्या सासऱ्याचे मोठे भाऊ. सासरे वारले, मामंजीची बायको तं लग्नाच्या दुसऱ्याच साली गेली, लेकरूबाळ न्हाई, म्हून ते आमच्यातच राहतात. दुसरे म्हातारे पारावर बसतात, पत्ते कुटतात, आमचे मामंजी गांजा वाळवतात. तुरीच्या मधल्या ओळीत, बांधावरून दिसणार न्हाई अशी दोन-चार झाडं लावतात, दिवाळी सरली की कापून घरी आणतात, आन मंग त्या घरात माणसं राहतात का गांजा राहतो हे कळत न्हाई. बरं, ओढत न्हाईत, खोकल्यापायी कवाच सुटलं. इकत तं चिमूटभर न्हाईत. शिवरातीला औंढ्याला जाणारे बुवा आमच्या दारात टेकतात, त्यांच्या झोळीत मूठ मूठ टाकतात, झालं. मी नवी व्हते तवा इचारलं, मामंजी, ओढत न्हाई, इकत न्हाई, मंग करता काहून? तं म्हणले, "ओढणारे गावोगाव हायेत, सूनबाई. वाळवणारं कोणी राह्यलं का?"

आमच्याकडं हळद उन्हात, मिरची उन्हात, शेंगा उन्हात, बाळंतिणीच्या गोधड्याबी उन्हात. मामंजीच्या लेखी ऊन म्हंजे चोर. "हळदीला ऊन लागतं, हिला सावली लागती," असं म्हणून ते जुड्या उलट्या करून आतल्या खोलीत टांगतात, कारण तिथं वारं बेतानं येतं. मंग त्या खोलीत उदबत्ती लावायची न्हाई, ओलं लुगडं न्यायचं न्हाई, आन सैपाकात लसणाची फोडणी टाकायची न्हाई, कारण पाला म्हणे वास ओढून घेतो. आता सासूबाई मामंजीच्या भावजय, थोरल्या दिराशी बोलायची रीत न्हाई, म्हून त्या चुलीशी बोलतात. "चुले, सणासुदीचं बिनफोडणीचं वरण खाऊन राहिलो, लोकायला सांगावं का, घरात सुतक हाय म्हून?" मामंजी आढ्याकडं पाहून जवाब देतात, "आढ्या, वरणाला काय व्हतंय, गरम हाय तं." यवढ्या वर्सात दोघं एकमेकांशी एक शबूद बोलले न्हाईत आन भांडण एक दिवस थांबलं न्हाई.

जुडी वाळली का न्हाई हे मामंजी डोळ्यानं पाहत न्हाईत, कानानं पाहतात. काडी कानापाशी धरायची आन मोडायची. वाकली तं कच्ची. कट वाजलं की म्हणायचं, "झालं." मंग लोणच्याच्या जुन्या बरणीत भरायचं, फडकं बांधायचं, आन रोज सकाळी झाकण उघडून तिला जरा दम घेऊ द्यायचा, वास घ्यायचा, परत बंद. मी पोटुशी व्हते तवा मला उलट्या व्हायच्या, तं सकाळी मामंजी आधी बरणीची तब्येत पाहायचे आन मंग माझी इचारायचे. मी मनात म्हणायचे, बाळंतपण माझं हाय का हिचं.

पण मला भ्याव वाटायचं. मी आठवीपस्तोर शिकले, कायदा मला कळत न्हाई, पण शेजारच्या गावात पोलिसांनी तुरीतून झाडं उपटली आन ज्याच्या नावावर शेत व्हतं त्यालाच टेम्पोत घालून नेलं, हे मला बराबर कळलं. आमचं शेत ह्यांच्या नावावर हाय. हे दिवसभर जीप चालवतात, सेनगाव-हिंगोली, हिंगोली-सेनगाव, त्यांना गांजाचं पान कसं असतं ते वळखू येत न्हाई. मी म्हणले, तुमी बोला न चुलत्याला. तं म्हणले, "त्या म्हाताऱ्याजवळ दुसरं काय हाय? कसं बोलू?" सडकंनं कोणतीबी गाडी आली की माझ्या हातातलं पीठ थांबायचं. गाडी ह्यांचीच असली तरी.

आन नेमकं जुड्या टांगल्या आन मला पोरगं झालं. मला माय न्हाई, म्हून बाळंतपण सासरीच झालं. बारशाला पाळणा माहेरून येतो आन माहेरचाच माणूस तो टांगतो, अशी आमच्याकडं रीत. माहेरचा माणूस म्हंजे माझ्या बहिणीचा नवरा, दाजी. दाजी पोलीस हायेत. आन घरात पाळण्याची कडी एकच, आतल्या खोलीत, जिला जुड्या टांगल्या व्हत्या.

सासूबाई म्हणल्या, "चुले, पाव्हणे आले की त्यायच्यापुढं काय टांगावं, लेकरू का भाऊजीच्या जुड्या?" मामंजी आढ्याला म्हणले, "काडी अजून वाकती. आता बरणीत घातली तं बुरशी धरंल. आजच्या दिवस तरी टांगली राहू दे, सांजंपस्तोर वाळती." शेवटी जुड्या त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात दोरीवर सरकवल्या, पुढं सासूबाईचं जुनं लुगडं आडवं बांधलं, आन वास मारायला शेजारच्या चाचीकडून लोबान आणला. स्वतःचाच उदबत्तीचा नेम मोडला, त्यावरून म्हाताऱ्याला किती घोर लागला व्हता ते पाहा. चाची दारातून म्हणली, "बारसा है के उरूस है, बाजी?"

दाजी आले, साध्या कपड्यात. स्टुलावर चढून कडीला दोर बांधू लागले. मी लेकरू घेऊन बाजंवर बसलेली, मामंजी लुगड्यापुढं असे उभे जसं लुगडं त्यायच्याच अंगावरचं हाय. दाजींनी नाकानं एक दम घेतला, मंग दुसरा.

"मामा, लुगड्याआड काय हाय?"

"तुळस," मामंजी म्हणले. "वाळत घातली."

"असली तुळस आमच्या ठाण्याच्या कोठीत लई पडली," दाजी दोर वढत म्हणले. "तिच्यासंगं आलेली माणसं आत बसली हायेत. शेत कोणाच्या नावावर हाय?"

मामंजीचा आवाज उतरला. "पुतण्याच्या."

दाजींनी एक गाठ मारली, वरून अजून एक मारली. म्हणले, "मंग पाळणा बळकट बांधतो. पोरीला एकटीलाच हालवावा लागंल." खाली उतरले, हात झटकले. "आज मी पाव्हणा हाय मामा, लुगडं उचलत न्हाई. रोज पाव्हणा नसतो."

मामंजी माझ्याकडं पाहत न्हाईत कवा, सुनंकडं पाहायची रीत न्हाई, पण त्या टायमाला पाहिलं, मंग लेकराकडं पाहिलं, मंग रिकाम्या पाळण्याकडं.

बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, पाव्हणे सडकंला लागले न लागले तं मामंजींनी लुगड्यासकट जुड्या काढल्या, मागच्या सालची बरणीबी उचलली आन उकिरड्याकडं निघाले. मी बाळंतीण, मी काही पाहिलं न्हाई, हे संगं पाण्याची बादली घेऊन गेले, त्यांनी सांगितलं. जाळायचं न्हाई म्हणले, धूर गावभर व्हईल आन सगळं गाव भजनाला बसंल. खत उकरून पुरलं. वर माती लोटायच्या आधी एक काडी कानाशी धरून मोडली. कट वाजलं. "झालं व्हतं," यवढंच म्हणले. आन ज्या माणसानं जलमभर तिला दवाचा थेंब लागू दिला न्हाई, त्यानं ह्यांच्या हातातली बादली घेतली आन वरून उपडी केली.

पुढं जीप आलीच, खरी, पोलिसाची. तुरीत फिरली, तूर पाहिली, गेली. ह्यांना कोणी नेलं न्हाई.

आता मामंजी कुरडया वाळवतात. सावलीत. त्या आंबतात, सासूबाई चुलीला सांगतात, आढं जवाब देतं. शिवरातीला बुवा आले, मामंजींनी त्यांच्या झोळीत मूठभर मुरमुरे टाकले. बुवानं झोळीत वाकून पाहिलं, मामंजीकडं पाहिलं, कीव आल्यासारखा आशीर्वाद दिला आन निघून गेला. ती बरणी घासून घरात आणली, तिच्यात कुरडयाचा चुरा असतो. रोज सकाळी मामंजी झाकण उघडतात, वास घेतात, जरा थांबतात, बंद करतात. दुसऱ्या कोणाला तो जुना वास येत असंल का, मला ठाव न्हाई. मला अजून येतो.

लेकरू आता चालतं. बापाची जीप सडकंला गेली की दुडूदुडू बरणीपाशी येतं, कुरडईचा तुकडा घेतं, पण खात न्हाई. आधी कानाला लावतं आन मोडतं. कट वाजलं की मामंजीच्या तोंडाकडं पाहत उभं राहतं, ते म्हणत न्हाईत तवर तोंडात घालत न्हाई.

"झालं," मामंजी म्हणतात. लई हळू म्हणतात.