पातळ काकवी

माझा मुलगा कॅनडाहून पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला एक बाटली दिली. मेपलच्या पानाच्या आकाराची काच आणि आत पिंगट पाक. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. तो सांगू लागला, तिकडे मार्चात बर्फ वितळायला लागलं की झाडांना भोकं पाडून रस काढतात, तो मोठ्या पसरट भांड्यांत आटवतात, आणि शहरातली माणसं शनिवार-रविवार पोराबाळांना घेऊन ते बघायला जातात. बर्फावर गरम पाक ओततात, काडीला गुंडाळून खातात.

मी चमचाभर पाक घेतला. तोंडात टाकायच्या आधी चमचा तिरका करून शेवटचा थेंब कसा सुटतो ते पाहिलं. तो लोंबत राहिला, लांबला, मग सुटला. चाखलं आणि म्हटलं, ही तर झाडाची काकवी.

मुलगा हसायला लागला. "आई, बघ हं, झाकण उडायचं."

आमच्या घरात हा विनोद नव्वदच्या दशकापासून चालत आला आहे, आणि तो माझ्यावरचा आहे.

काकवी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस आटवत नेला की गूळ होतो. गूळ होण्याच्या अलीकडे थांबलं तर मधासारखा दाट पाक मिळतो, ती काकवी. भाकरीशी, घावनाशी, नुसती बोट घालूनही खातात. आता, अलीकडे म्हणजे नेमकं किती अलीकडे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

माझं माहेर मनमाडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. ऊस मी रसवंतीच्या चरकात शिरतानाच पाहिलेला. लग्न होऊन नाशकात आले, शाळेत मराठी शिकवायला लागले. सासर निफाड तालुक्यातलं, शेतीवाडीचं. सासूबाई आणि धाकटे दीर गावी असत आणि घरचं गुऱ्हाळ होतं. थंडीत सुरू व्हायचं, फाल्गुन संपता संपता बंद. हंगामाची शेवटची काहील, म्हणजे रस आटवायची ती भलीमोठी कढई, गुळाची नसे. ती काकवीची. तीन नणंदा लासलगाव, मनमाड आणि इगतपुरीला दिलेल्या. प्रत्येकीला त्या काहिलीतला एकेक डबा जायचा. सासूबाई म्हणत, पोरींना साडी चुकली तर चालेल, काकवी नाय चुकायची.

माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि त्या सतरा वर्षांत गुऱ्हाळावर किती वेळा गेले असेन? पाच-सहा वेळा. जायचं, रस प्यायचा, धुराने डोळे चोळायचे, गरम गुळाचा गोळा पदरात घेऊन घरी यायचं. पण माझी बी. एड.ची एक मैत्रीण मुंबईला होती, तिला मी पत्रं लिहायची. पत्रात माणूस जरा मोकळं लिहितं. मी फारच मोकळं लिहीत असे. 'शेवटची काहील माझ्या शब्दावर उतरते' हे वाक्य मी एका मार्चात लिहिलं. ते मला इतकं आवडलं की पुढच्या मार्चात पुन्हा लिहिलं.

तिसऱ्या मार्चात तिचं उत्तर आलं. शनिवारी सकाळच्या गाडीने येते, शनिवारी नाशिक दाखव, रविवारी तुझी काहील. सोबत काकवीसाठी बरणी आणते.

त्या वर्षी मुलगा दहावीला होता, म्हणून तो आणि त्याचे वडील घरी राहिले. मी एकटीच मैत्रिणीला घेऊन निघाले, चेहऱ्यावर मालकिणीचा भाव घेऊन.

शनिवारी आधी मिसळ खाल्ली, मग रामकुंड. मैत्रिणीला नुसतं बघून भागत नसे, तिला विचारायचं असे. कुंडावरच्या फुलवालीशी ती दहा मिनिटं बोलली. झेंडू कुठला, पहाटे तोडता का आदल्या संध्याकाळी, उरलेल्याचं काय करता. फुलवाली मखमलाबादच्या मळ्यातली, गप्पांना खूश. मला मात्र मैत्रिणीचा हात धरून ओढावंसं वाटत होतं. शिकलेल्या बाईने एवढं विचारायचं म्हणजे आपल्याला काही येत नाही हे चारचौघांत सांगणं, अशी माझी समजूत. आणि हीच मी वर्गात मुलांना सांगायची की शंका विचारा, लाजू नका.

दुपारी पांडवलेण्यांवर. पायऱ्या चढून धापा टाकत वर पोचलो, तर तिने एका लेण्याच्या भिंतीवर कोरलेली अक्षरं पाहिली. हे काय लिहिलंय, तिने विचारलं. माहीत नाही हे दोन शब्द माझ्या तोंडात कधी तयारच झाले नव्हते. मी म्हणाले, दानाचं महत्त्व सांगितलंय. तिने विचारलं, सुरुवात कुठून? मी ठामपणे उजव्या टोकाला बोट ठेवलं आणि डावीकडे सरकवत नेलं. मागे तिथला राखणदार बिडी विझवत उभा होता. तो अदबीने म्हणाला, बाई, डावीकडनं वाचत्यात. मग त्यानेच सांगितलं की कोणी भिक्षूंना राहायला लेणं दिलं, कोणी गाव दिलं, ते त्यात आहे.

"म्हणजे दानच की," मी म्हणाले.

मैत्रीण माझ्याकडे बघून गोड हसली. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे दिवाळीत कळला.

रविवारी सकाळी एस.टी.ने निफाड, तिथून दिरांच्या ट्रॅक्टरवर मळा. गुऱ्हाळ लांबूनच वासाने कळतं. चिपाडांचा जाळ आणि उकळत्या रसाचा दरवळ. मैत्रीण ट्रॅक्टरवरून उतरली ती थेट चुलाणापाशी.

काहिलीचा कारभार ज्याच्या हाती तो गुळव्या. आमचा गुळव्या सत्तरीचा, उंच, वाळका, दिवसभरात चार वाक्यं बोलणारा. निदान माझी तशी समजूत. मैत्रिणीने त्याला काका म्हणून विचारायला सुरुवात केली आणि तो माणूस फुटलेल्या पाटासारखा वाहू लागला. रसात चुन्याची निवळी कशाला, तर आंबटपणा मरावा म्हणून. ते बुळबुळीत पाणी कसलं, तर भेंडीची झाडं ठेचून काढलेलं, त्याने मळी वर येते. मळी झाऱ्याने काढून घेतली की रस कसा सोन्यासारखा दिसतो ते त्याने तिला जवळ बोलावून दाखवलं. मी बाजूला उभी राहून मान डोलावत होते, जणू हे सगळं मीच त्याला शिकवलं आहे. खरं तर चुन्याचं मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते.

सासूबाई बाजेवर बसून शेंगा निवडत होत्या. मैत्रिणीला आवडेल म्हणून त्यांनी खोबऱ्याचे तुकडेही आणले होते, गरम काकवीत बुडवून खायला. तीन नणंदांचे तीन डबे घासून, उन्हात वाळवून, ओळीने पालथे घातलेले. शेजारी मैत्रिणीची बरणी.

रस दाटत आला. वाफ इतकी की काहिलीच्या पलीकडचा माणूस दिसेना. शेवटच्या काहिलीला एक रीत होती. उतरवण्याआधी गुळव्या सासूबाईंना विचारायचा, आणि त्या हो म्हणायच्या. विचारणं नावापुरतं, त्याला ठाऊक असायचं, त्यांनाही ठाऊक असायचं. पण ती वेळ जवळ आली तशी मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली, आता तू सांगणार ना?

मी पुढे झाले. गुळव्याच्या हातून लांब दांड्याचा डाव घेतला, काहिलीत बुडवला, वर धरला आणि डोळे बारीक करून थेंब बघितले. काय बघायचं असतं मला माहीत नव्हतं, पण सासूबाई डोळे बारीक करतात हे माहीत होतं. थेंब पडले. थेंब पडायचेच असतात, असं मला वाटलं.

"उतरवा," मी म्हणाले.

गुळव्या हलला नाही. "मास्तरीणबाई, आजून दमानं घ्या."

"नाही, झाली. उतरवा."

त्याने बाजेकडे बघितलं. सासूबाईंनी शेंगांची टोपली खाली ठेवली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मैत्रिणीकडे, मग त्या तीन पालथ्या डब्यांकडे. डब्यांकडे जरा जास्त वेळ.

"सून म्हणती ना," त्या म्हणाल्या, "मंग उतरवा."

चार गड्यांनी कड्यांत बांबू घालून काहील उचलली. मैत्रिणीने माझा हात दाबला. मी जगातली सर्वांत शहाणी बाई होते. काकवी निवल्यावर सासूबाईंनी स्वतः डबे भरले आणि बरणी भरायला म्हणून घरात घेऊन गेल्या. फडक्याने तोंड बांधलेली बरणी मैत्रिणीच्या मांडीवर बसून नाशिक रोडच्या स्टेशनापर्यंत गेली.

पातळ राहिलेली काकवी लगेच काही बोलत नाही. ती उन्हाळ्याची वाट बघते.

वैशाखात लासलगावच्या नणंदेचा निरोप आला. बाजार समितीत कांदा टाकून परतणाऱ्या दिरांच्या हाती तिने रिकामा डबा धाडला होता. कोठीच्या खोलीत दुपारी मोठा आवाज झाला, सगळे धावले, तर झाकण छताला लागून खाली पडलेलं आणि डब्यातून फेस येतोय. भिंतीवर मुंग्यांची रांग अजून आहे म्हणाली. इगतपुरीची हवा थंड, तिथे डबा जरा जास्त टिकला. मग तिने पोस्टकार्डावर लिहिलं, वहिनी, यंदा काकवीत लिंबू घातलं होतं का? मनमाडच्या नणंदेने मात्र तक्रार केली नाही. तिचा नवरा रेल्वेत, तो रोज जेवणाआधी वाटीभर घ्यायचा, गाणी म्हणायचा आणि लवकर झोपायचा. पुढच्या वर्षी असाच डबा पाठवा, असा त्याचा खास निरोप होता.

मला नणंदांची लाज वाटली, पण त्याहून मोठी धास्ती मैत्रिणीची. तिची बरणी मुंबईच्या उकाड्यात होती. मी रोज टपालाची वाट बघायची आणि पत्र नाही म्हटलं की सुटकेचा निःश्वास टाकायची. शेवटी आलं. काकवी फारच छान होती, घरच्यांनी चाटूनपुसून संपवली, तुझ्या हाताला आणि नजरेला सलाम.

मी ते पत्र तीनदा वाचलं. एकाच काहिलीतली काकवी लासलगावात छताला लागते आणि मुंबईत चाटूनपुसून संपते, हे कसं?

शाळेला सुट्टी लागली होती. मी गावी गेले. सासूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. विचारू की नको करत दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी धीर करून मैत्रिणीच्या बरणीचं विचारलं.

त्यांनी सूप थांबवलं नाही. "तिला गेल्या सालची दिली. माझ्या मडक्यातली."

"आणि आपल्या पोरींना ती पातळ?"

"पोरी घरच्या हायेत. नावं ठेवतील, हसतील, इसरतील. पाहुणीला कशी देऊ?"

"मग मला तिथंच अडवायचं नाही का?"

आता सूप थांबलं. "तुझ्या मैतरणीसमोर? घरच्या सुनेला खोटं पाडू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आन् तू इचारलं कुठं? सतरा वर्षांत एकदा तरी इचारलं का, आत्याबाई, कसं वळखायचं?"

त्यांचं मडकं मी उघडून पाहिलं. तळाशी बोटभर काकवी उरली होती. वर्षभर त्या औषधासारखी पुरवून खात.

त्याच संध्याकाळी मैत्रिणीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, लेण्यांतलं उजवं टोकही. तिचं उत्तर यायला दिवाळी उजाडली. त्यात एकच ओळ कामाची होती: 'उजवीकडून वाचायला लागलीस तेव्हाच कळलं होतं, पण काहिलीचं मात्र मला खरं वाटलं.'

त्या थंडीत मी सुट्टीच्या दर रविवारी गुऱ्हाळावर गेले आणि गुळव्याला विचारू लागले. त्याला बहुधा सतरा वर्षं वाट बघून कंटाळा आला असावा, कारण त्याने एका दमात सांगितलं. थेंब डावावरून टपटप पडतो तोवर कच्चा. काठावर थबकून लांबला, मग सुटला, की काकवी. पाण्यात टाकून गोळी वळली की गूळ. आणि वाफेत डोळ्याचा भरवसा नको म्हणाला. डोळे मिटून ऐका. आधी काहील खळखळ करते, मग आवाज बसतो, फदफद होतो, म्हातारं माणूस झोपेत बोलल्यासारखा. तो बसताना कान द्यायचे.

मी डोळे मिटून उभी राहिले. पहिल्या रविवारी काही कळलं नाही. दुसऱ्याही नाही. पाचव्या की सहाव्याला काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. डोळे उघडले तर गुळव्या माझ्याकडेच बघत होता.

मार्चात मैत्रीण पुन्हा आली, बरणी घेऊन. पालथे तीन डबे, बाजेवर सासूबाई, तीच वाफ. गुळव्याने या वेळी सासूबाईंना विचारलं नाही, मला विचारलं.

"मास्तरीणबाई, उतरवू?"

मैत्रीण बघत होती. मला वाटत होतं की झाली असावी. नक्की नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आत्याबाई, तुम्ही ऐकून बघता का जरा?"

सासूबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत काहिलीपाशी आल्या, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. बराच वेळ दोघी तशाच.

"आता," त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं होतं, पण मी ते बोलले नाही.

त्या वर्षी कोणाचंही झाकण उडालं नाही. मनमाडचे पाहुणे तेवढे नाराज झाले.