एक की एल

कोकिळा इंगळेचं नाव निघालं की चिखलीची मंडळी म्हणतात, "ती टायपिस्ट बाई ना?" माझं डोकंच फिरतं. अरे बाबांनो, शहाऐंशी साली आमच्या खाजगी तंत्रनिकेतनात एकुलता एक कॉम्प्युटर होता. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत जायचं आणि लांबून बघायचं, एवढाच त्याचा उपयोग. त्याला कामाला लावलं ते या बाईने. मी तिथला मास्तर, पण माझं मुख्य काम ओरडण्याचं.

ती रोज अमडापूरहून एसटीने यायची. नवरा वारलेला, घरी सासू जनकाबाई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पहिल्या झटक्यात पास. आमच्याकडे ती रोजंदारीवर होती. मार्चमध्ये कळलं की अमरावतीहून सरकारी कमिटी येणार. मशीनवर खरंखुरं काम दिसलं तर ऑपरेटरची एक कायम जागा मंजूर होईल. वर्षभर मशीनवर बसलेली तीच, तेव्हा पहिला हक्क तिचा. नाही दिसलं तर महिनाअखेर घरी. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि प्राचार्य पंजाबरावांनाही माहीत होतं. त्यांच्या मनात बहिणीचा मुलगा घोळत होता.

आता आमची अडचण ऐका. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळावा म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. आमच्याकडे तोच नव्हता. पण औरंगाबादच्या एका मित्राने मला सत्तेचाळीस पानांची झेरॉक्स दिली होती. परदेशातल्या कुणा भल्या माणसाने एक छोटा कंपायलर लिहिला आणि अख्खाच्या अख्खा छापून टाकला: घ्या, वापरा, बदला, पुढे द्या. कोकिळाबाईने तीन आठवड्यांत तो टाईप केला. बोटांकडे न बघता, पानावरची नजर न हलवता.

तो कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला, म्हणून पहिल्यांदा उभा करायला दुसऱ्याचा कंपायलर लागतो. फ्लॉपी घेऊन मी औरंगाबादला मित्राच्या कॉलेजात गेलो. तिथल्या मशीनने दोनशे सव्वीस चुका काढल्या! आणि सगळ्या एकाच जातीच्या. बाईने एक आकड्याच्या जागी इंग्रजी एल मारला होता. कसं आहे, टायपिंग क्लासमधल्या जुन्या मशीनला एकाची कळच नसायची, पोरी एलनेच एक काढायच्या. मी तिथे बसून शिव्या घालत दाखवलेले एकूण एक एल दुरुस्त केले, कंपायलर तयार केला आणि परत येऊन तिला म्हणालो, "छान झालं काम." चुकांचं सांगितलंच नाही. एवढी खूश होती ती, माझी जीभच रेटेना. शिवाय पंजाबरावांच्या कानावर गेलं असतं तर?

कमिटी सोमवारी यायची होती. गुरुवारी चार-सहा ओळींचे प्रोग्राम झकास चालले. मग खरी परीक्षा घेतली: कंपायलरला त्याचीच सत्तेचाळीस पानं भाषांतराला दिली. मशीन अडकलं ते अडकलंच. बंद केलं, चालू केलं, पुन्हा तेच.

पंजाबराव दारात उभे होते. "फुकटाचा माल असाच असते, उत्तमराव," ते म्हणाले. "सोमवारी हे दाखवता का कमिटीले?"

ते गेल्यावर मी सगळा राग तिच्यावर काढला. "काय टाईप करून ठेवलंय तुम्ही, देव जाणे!"

ती पांढरीफटक पडली. पण आवाज चढवला नाही. "मी एकबी अक्षर चुकली नाही सर. पान समोर ठेवून मारलं."

शुक्रवार असाच वाया गेला. शनिवारी सकाळी वीज गेली, दहाला आली. तेव्हा तीच म्हणाली, "तुमी मोठ्यानं वाचा, मी पडद्यावर पाह्यते." झेरॉक्सवर नुसती नजर फिरवून उपयोगच नव्हता, एक आणि एल सारखेच दिसत होते. मला निदान कुठे काय असायला हवं ते कळत होतं. मी वाचत सुटलो. घसा कोरडा पडला. एकतिसाव्या पानावर मी वाचलं, "एल बरोबर एल अधिक एक."

"थांबा सर. परत म्हना. एक का एल?"

"एक!"

"इथं तं एल हाय."

मी कपाळावर हात मारला. त्या भल्या माणसाने मोजणीचा आकडा ठेवायच्या खणाला नावच एल ठेवलेलं! प्रोग्राम जिथे जिथे वळण घेतो, त्या दर वळणाला पुढचा नंबर द्यायचा, एक, दोन, तीन, असं ते काम. आमचा मात्र आकड्यात एक मिळवण्याऐवजी दरवेळी तो दुप्पट करत होता: एक, दोन, चार, आठ. सोळा वळणांत आकडा मशीनच्या मापात मावेना आणि शून्य होऊन बसे. छोटा प्रोग्राम पार पडायचा, मोठा वाट चुकायचा. आणि एल नावाचा खण खरोखरच असल्यामुळे औरंगाबादच्या मशीननेही तिथे तक्रार केली नव्हती.

ती पडद्यावरची पानं मागेपुढे करत होती. "मंग बाकी ठिकाणी एक बरोबर कसे? माह्या बोटाले तं एलचीच सवय हाय."

सांगावंच लागलं. दोनशे सव्वीस.

"सर, मले सांगतलं काऊन नाही?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तवाच सांगतलं असतं तं मी तवाच हे पान काढलं असतं. दोन दिवस मी सोताले खरी म्हनून राह्यली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारची एसटी धरून औरंगाबाद गाठलं, मित्राला घरून उठवून आणलं, कंपायलर पुन्हा तयार केला आणि रविवारी दुपारी परत आलो. ती वाटच बघत होती. पानं पुन्हा दिली. अकरा मिनिटं फ्लॉपीचा लाल दिवा लुकलुकत होता. आणि झालं! कंपायलरने स्वतःला भाषांतरित केलं. मी खोलीत ओरडलो ते पार व्हरांड्यात ऐकू गेलं.

झेरॉक्सच्या शेवटच्या पानावर मूळ लेखकाची एकच अट होती: ज्याने बदल केला त्याने काय केलं ते नावासकट शेवटी लिहावं आणि मगच पुढे द्यावं. कोकिळाबाई बसली आणि इंग्रजीत ओळ टाईप केली: पान एकतीस, एकाच्या जागी एल पडला होता, चूक माझी, दुरुस्ती माझी, कोकिळा इंगळे, अमडापूर.

"राहू द्या हो ते," मी म्हणालो.

"नेम हाय ना सर. फुकट घेतलं तं येवढं तं कराच लागन."

सोमवारी कमिटीसमोर सगळं सुरळीत झालं. अमरावतीचे साहेब खूश. तेवढ्यात पंजाबरावांनी छापलेला कागद उचलला, शेवटची ओळ वाचली आणि हसले. "साहेब, बाईनं लेखीच देल्लं की चूक तिची. इतकं महागाचं मशीन अशा हाती द्याचं का?"

साहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

माझी स्वतःची नोकरी तेव्हा कच्चीच होती. दोनशे सव्वीस हा आकडा, औरंगाबाद, मी लपवलेलं, सगळं ओठांवर आलं. ती माझ्याकडे बघत होती.

"चूक तर झालीच होती साहेब," मी म्हणालो.

जागा मंजूर झाली. भाचा रुजू झाला. महिनाअखेर ती स्टँडवर भेटली, हातात डबा आणि पिशवी. मी काहीतरी पुटपुटलो, तुमच्यावर अन्याय झाला वगैरे. तिने ऐकून घेतलं.

"सर," ती म्हणाली, "त्या कागदावर माह्या नावाखाली जागा होती. तुमची ओळ तुमी लिवलीच नाही."

मी म्हणालो, "कोकिळाबाई, अमडापूरची गाडी लागली."